कानामागचा हात

पुन्ता सालादा, १८ ऑगस्ट

योकास्ता,

सरळ विचारतो. इथल्या कुणाजवळ तू माझ्याबद्दल काही बोललीस का?

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हा कागद. नुरिस नेहमीसारखी लोकांचं सामान पोचवायला शुक्रवारी न्यूयॉर्कला निघालीय, तिच्या पिशवीत चीज आणि दुधाच्या वड्यांच्या खाली हे पत्र असेल. तिने वाचलं तर वाचू दे. आपली मावसबहीण आहे, तिला सगळं माहीतच आहे. मला संशय तिचा नाही, तुझा आहे.

काय झालं ते सांगतो. चेपेच्या दुकानाबाहेर, बदामाच्या झाडाखाली आमचं डॉमिनोचं टेबल आहे. पाच वर्षं झाली, दिवसभर लोकांचे फ्रिज आणि पंखे दुरुस्त करायचे, अंघोळ करायची आणि संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं. गावाला मी ओसिरिस फ्रिजवाला, राजधानीहून, सांतो दोमिंगोहून आलेला, दाढीवाला. आईने ठेवलेलं नाव बाईलाही चालतं आणि बाप्यालाही, त्यामुळे तेवढं एक बदलावं लागलं नाही. बाकी काय काय बदललं ते तुला ठाऊक आहे, इथे कुणालाच ठाऊक नाही. नव्हतं, असं आता म्हणावं लागेल बहुतेक.

गेले काही दिवस मी टेबलापाशी आलो की बोलणं थांबतं. आधी वाटलं, कुणाच्या तरी बायकोचा विषय असेल. पण मी बसल्यावर पुन्हा सुरू होतं ते वेगळंच असतं, बेसबॉलचं वगैरे. फाउस्तो म्हणून एक टॅक्सीवाला आहे, तो नेहमी माझ्या उजव्या हाताला बसायचा. आता खुर्ची तिरकी वळवून बसतो आणि माझ्याकडे टक लावून बघतो. सोंगट्यांकडे नाही, माझ्याकडे. परवा मध्येच विचारतो, “तुझी बहीण न्यूयॉर्कला असते ना रे? कुठल्या भागात?” त्याचा चुलतभाऊ ब्रॉन्क्समध्ये आहे. तूही ब्रॉन्क्समध्ये. आता सांग, मी काय समजायचं?

तुझं तोंड मला माहीत आहे. आई वारली तेव्हा तिच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला मी दाढी वाढवून आलो, तर आल्या-गेल्याला तू माझी ‘राजधानीचा मामेभाऊ’ म्हणून ओळख करून देत होतीस. सख्ख्या आईच्या घरात मी पाहुणा. तेव्हा गप्प बसलो, कारण निदान ‘भाऊ’ तरी म्हणालीस. पण नऊ दिवस इतकं छान खोटं बोलणाऱ्या बाईला एक दिवस खरं बोलायला किती वेळ लागतो?

तुला वाटत असेल, एवढं काय घाबरायचं. तुला कल्पना नाही, हे टेबल किती मेहनतीने मिळवलंय. इथे पुरुष नुसतं असून चालत नाही, तो रोज करून दाखवावा लागतो. बियर हातात दिली तर ‘थँक्यू’ म्हणायचं नाही, घ्यायची. हसताना तोंडावर हात न्यायचा नाही. कुणी काही फेकलं तर झेलताना गुडघे जवळ घ्यायचे नाहीत. चुकलं तरी ‘माफ करा’ म्हणायचं नाही, समोरच्यालाच शिवी द्यायची, म्हणजे तो खूश. पहिल्यांदा इथे सोंगटी आपटली ती इतक्या जोरात, की चौघांच्याही सोंगट्या आडव्या झाल्या आणि सगळा डाव उघडा पडला. मला वाटलं, संपलं. तर सगळे म्हणाले, “वा रे वाघा!” तेव्हापासून मी वाघ.

एक गोष्ट मात्र नाही जमली. रस्त्याने पोरगी गेली की टेबलावरून काहीतरी वाह्यात वाक्य टाकायचं असतं. एकदा मीही टाकलं. तिने वळून बघितलं नाही, नुसते खांदे आवळले. ते आवळणं माझ्या खांद्यांना अजून आठवतं गं. त्यानंतर पोरगी आली की मी सोंगट्यांत डोकं घालतो. ते मला ‘पाद्री’ म्हणतात. म्हणू देत. पण पाद्री म्हणताना फाउस्तोचे डोळे हसत नाहीत, हे मी हल्ली बघतोय.

नुरिसजवळ उत्तर पाठव. बोलली असलीस तर कुणाशी, काय, कधी.

ओसिरिस

पुन्ता सालादा, ९ सप्टेंबर

योकास्ता,

नुरिसने तुझा निरोप सांगितला. “मी कुणाला काही बोलले नाही. बोलू कशाला? लाज मला वाटते, त्याला नाही.” बरं. लाजेपोटी का होईना, गप्प राहिली असशील तर चांगलंच. पण चोर कधी म्हणतो का, मी चोरी केली म्हणून?

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की. परवा फाउस्तो म्हणाला, “ओसिरिस, टोपी काढ की, एवढं उकडतंय.” मी म्हटलं, राहू दे. तर चेपे म्हणाला, “काढ रे, बघू तरी.” बघू तरी? माझ्या डोक्यावर बघण्यासारखं काय आहे? काढली टोपी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या डावात मी काय खेळलो ते देवाला ठाऊक, पण आम्ही जिंकलो, आणि जिंकल्यावर कुणी ओरडलं नाही.

सगळे दुकानामागच्या भिंतीशी उभे राहतात, मी मात्र आत चेपेच्या बायकोला, मिल्केयाला विचारून तिचा संडास वापरतो. आतापर्यंत त्याची थट्टा व्हायची, ‘न्यायाधीशसाहेब निघाले’ म्हणून. परवा थट्टाही झाली नाही. फाउस्तो नुसता मिल्केयाला म्हणाला, “हा आत गेला की किती वेळ लावतो गं?” ती म्हणाली, “तुझ्यापेक्षा कमी, आणि फरशी ओली करत नाही.” ती बिचारी माझी बाजू घेत होती, आणि माझ्या अंगाला घाम सुटला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असेल. मिल्केयाने उरलेले पैसे दोनदा मोजून दिले, तर मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. न्हाव्याने मानेवरून वस्तरा जरा हळू फिरवला, तर आरशात त्याचा चेहरा शोधत राहिलो. चौकात माझ्यापुढे चालणाऱ्या बाईने रस्ता ओलांडला, तर वाटलं हिलाही कळलं. मग लक्षात आलं, तसं काही नाही, मी मागून येणारा एक दणकट बाप्या आहे आणि ती मला घाबरली. त्याचंही मला वाईटच वाटलं. मी थांबून बुटाची नाडी बांधत बसलो, तिला पुढे जाऊ दिलं. नाडी सुटलेली नव्हतीच.

एकच माणूस पूर्वीसारखा वागतो, डॉन राडामेस, सगळं गाव वयाच्या मानाने ज्यांना ‘डॉन’ म्हणतं ते. डॉमिनोत माझ्यासमोर बसणारा माझा जोडीदार. साखर कारखान्यात मेकॅनिक होते, बायको गेली, मुलं परदेशी. या गावात जोडीदार म्हणजे लग्नाच्या खालोखाल. मी नवीन होतो, कुणी मला घेईना, तेव्हा ते म्हणाले होते, “हा फ्रिजवाला माझ्यासमोर बसेल.” संपलं, कुणी दुसरा शब्द काढला नाही. टेबलावर भांडण झालं की निवाडा तेच करतात. त्यांचं सगळं जग त्या टेबलाच्या चार पायांवर उभं आहे.

ऑक्टोबरात जत्रा, तेव्हा डॉमिनोचे मोठे सामने असतात. आम्ही दोघं उतरतोय. उतरणार होतो. मी बॅग भरून ठेवलीय, कुठेही जाता येईल अशी. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ओसिरिस

पुन्ता सालादा, १६ सप्टेंबर

योकास्ता,

त्यांना काय संशय आहे ते कळलं. ऐक आणि हस.

रविवारी दुपारी भरल्या टेबलावर फाउस्तो उठून उभा राहिला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पाय रस्त्याच्या दिशेला वळवून ठेवले होते, खरं सांगतो. तो म्हणाला, “आता मी बोलणार. ही जोडी लबाडी करते. हा ओसिरिस डाव अडला की कानामागे हात नेतो. ती खूण आहे. मी महिनाभर बघतोय. वाटलं टोपी सावरत असेल, म्हणून मुद्दाम टोपी काढायला लावली. टोपी नव्हती तरी केलं.”

खूण! डॉमिनोतली खूण! योकास्ता, मला हसू फुटलं. एवढा महिना मी मरत होतो आणि हे लोक डॉमिनोबद्दल बोलत होते. बहिणीची चौकशीही त्याने त्या चुलतभावासाठी भाड्याची खोली हवी होती म्हणून केली होती. मी पोट धरून हसलो आणि तीच घोडचूक झाली. लबाडी पकडली गेल्यावर जो हसतो तो कसला निर्लज्ज, असं सगळ्यांच्या तोंडावर आलं.

डॉन राडामेस हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, “हात नेतोस तू?” मी नाही म्हणणार होतो, आणि त्याच वेळी मला माझा हात दिसला. डावा. कानामागे पोचलेला. दोन बोटांनी काहीतरी मागे सारत होता. जे सारत होता ते कापून अकरा वर्षं झाली.

कळलं तुला? तुला नाही कळणार तर कुणाला. कमरेपर्यंत होते, गणित सोडवताना सारखे पुढे यायचे. चालणं बदललं, बसणं बदललं, आवाज बदलला, शिव्या शिकलो, आणि हा हात आपला अजून केस मागे घेतोय, तेही मी विचारात पडलो की नेमका. जित्याची खोड दुसरं काय. डॉमिनोत माणूस विचारात पडतो तो हातात दोन चालतील अशा सोंगट्या असल्या की. म्हणजे फाउस्तोचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. हाताला खरंच अर्थ होता, फक्त मी तो कुणासाठी करत नव्हतो.

मी म्हटलं, “खाज येते.” तिसरीतलं पोरसुद्धा याहून बरं खोटं बोलेल. चेपे म्हणाला, महिनाभर खाज? आणि फक्त डाव अडल्यावर? फाउस्तोने सोंगट्या डब्यात भरल्या. इथला नियम आहे, खुणा करणाऱ्या जोडीला टेबल बंद, जत्राही बंद. आणि लबाडी एकाची नसते, जोडीची असते.

डॉन राडामेस उठले. हॅट घेतली आणि गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे निवाडे केलेला माणूस. आठवडाभर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. कॉफी संपली तर शेजारणीला पाठवतात.

मी नुसतं गप्प बसलो तरी पुरे. लबाड म्हणून मी जगू शकतो. लबाड हा पुरुषच असतो ना, वाघच असतो, उलट दोन वर्षांनी कौतुकाने सांगतील. पण त्यांचं काय?

ओसिरिस

पुन्ता सालादा, २४ सप्टेंबर

योकास्ता,

सांगितलं. आधी त्यांना, मग सगळ्यांना. क्रमाने लिहितो, कारण शेवटी तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे.

डॉन राडामेस मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पुढच्या ओट्यावर बसून सोलत नाहीत, लोक बघतात म्हणून. मला बघून त्यांनी टोपली पायाने बाजूला सरकवली, मग पुन्हा ओढली. मीही सोलायला बसलो आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. आपलं घर, शाळा, केस, सुया, ऑपरेशन, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, “मग खूण केलीस की नाही केलीस?”

“नाही केली.”

“एवढंच विचारत होतो मी. बाकीचं कळायला मला वेळ लागेल. कळेलच असंही नाही.”

मी म्हटलं, आता टेबलावर जाऊन सांगतो. तर म्हणाले, “नको. मला लबाड म्हणतात तर म्हणू दे. माझी राहिलीत किती वर्षं? तुझी राहिलीत.” मी परत येताना रस्ताभर तेच चघळत होतो. माझी काळजी म्हणून नको म्हणाले, की आपला जोडीदार कोण होता हे चारचौघांत कळायला नको म्हणून? बघ, अशा माणसाचाही मला संशय आला. स्वतःचीच शिसारी आली मग. त्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

टेबलाशी जाऊन उभ्यानेच सांगितलं. चेपेने रेडिओ बंद केला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. चेपेचा मेव्हणा खुर्ची मागे सारून उठला, थुंकला आणि गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः केलं. मिल्केया आतून आली, तिने माझ्यासमोर आपली बट कानामागे सारून दाखवली. “असं? हे तर मी दिवसभर करते. सगळ्या बायका करतात.” फाउस्तो म्हणाला, “तू खेळत नाहीस. मधे बोलू नको.”

मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हे कोणीही सांगेल. पकडलं गेल्यावर उद्या मीसुद्धा म्हणेन, मी आधी नन होतो. पुरावा काय?”

पुरावा! अकरा वर्षं मी पुरुष असल्याचा पुरावा देतोय, बसता-उठता, बियर पिता पिता. आणि आता या गाढवाला मी एकेकाळी मुलगी होतो याचा पुरावा हवाय. दाढी, आवाज आणि खांदे बघून त्याचा विश्वासच बसत नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याचा मुका घेतला असता.

मी माझ्याकडचे सगळे फोटो नष्ट केलेत. आईचा अल्बम तू नेलास. त्यात माझ्या पंधराव्या वाढदिवसाचा आहे, गुलाबी झग्यातला. फोटोवाला सारखा ‘हात खाली, हात खाली’ म्हणत होता, तरी त्यात माझा हात कानामागे आहे. मी तुला एकदा तो जाळ म्हणालो होतो, आणि तू म्हणालीस, ती माझी बहीण आहे, तिला मी जाळणार नाही. त्यावरून मी तुला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

तो पाठव. मला तो जगात कुणीही बघायला नको आहे. पण त्या म्हाताऱ्याचं नाव त्याच्यावर अडलंय. पाठव.

ओसिरिस

पुन्ता सालादा, ७ ऑक्टोबर

योकास्ता,

नुरिस जत्रेच्या दिवशी सकाळीच पोचली. तुझं पाकीट दिलं आणि म्हणाली, तू फक्त एवढंच म्हणालीस की आत आहे, हरवू नको म्हणावं.

पाकीट चारी बाजूंनी चिकटवलेलं. मी ते शर्टात घालून तसाच डॉन राडामेसना बोलवायला गेलो. म्हटलं, पुरावा आलाय, चला. त्यांनी फुलबाह्यांचा शर्ट घातला, हॅट घातली. वाटेत म्हणाले, “आण इकडे ते.” दिलं.

टेबलाभोवती अर्धं गाव होतं. फाउस्तोने हात पुढे केला. डॉन राडामेसनी पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर पंजा ठेवला. त्यांचा आवाज तसा बारीक आहे, त्यामुळे सगळे गप्प झाले.

“यात याचा फोटो आहे. ज्याला बघायचाय त्याने फोडावं. पण मी फोडलेलं नाही. माझ्या जोडीदाराने मला सांगितलं, खूण केली नाही, मला तेवढं पुरलं. ज्याला माझ्या जोडीदाराचा शब्द पुरत नाही त्याला माझाही पुरत नाही असं मी समजेन, आणि त्याच्याबरोबर मी पुन्हा बसणार नाही. घे, फोड.”

पंजा उचलला. फाउस्तोने पाकिटाकडे बघितलं. त्याने बोटाने ते माझ्याकडे सरकवलं आणि सोंगट्या पालथ्या करून पिसायला लागला. माफी वगैरे नाही, ती इथे कोण मागतं. पिसता पिसता एवढंच म्हणाला, “बसा आता, उशीर होतोय.”

गोड शेवट नाही हं. आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. हात कानामागे गेला की माझ्याजवळ दोन सोंगट्या चालणाऱ्या आहेत, हे आता सगळ्या गावाला ठाऊक, समोरचे आरामात वाचतात मला. डॉन राडामेस चारचौघांत ओरडले, “हातावर बूड ठेवून बस, मेल्या!” चेपेचा मेव्हणा टेबलाला येत नाही. दोन घरांनी फ्रिज दुसऱ्याकडे दिला. एका बाईने मुद्दाम मला बोलावलं आणि फ्रिज बिघडलेला नव्हताच, नुसतं निरखून घेतलं मला. आणि फाउस्तोचा विश्वास बसलाय की तो नुसता म्हाताऱ्याला भ्याला, हे मला कळलेलं नाही. कधी कधी तो अजून बघतो. बॅग मात्र मी उपसली, कपडे खुंटीला लावले.

पाकीट अजून फोडलेलं नाही. हाताला कडक लागतंय, पण फोटोऐवजी नुसता पुठ्ठा असला तरी कडकच लागेल. माझा स्वभाव तुला माहीत आहे. ते खिडकीशी उजेडाला धरायला मी दोनदा उठलो आणि दोनदा परत बसलो. ज्या माणसाजवळ माझ्या शब्दापलीकडे काहीच नव्हतं तो ते न फोडता माझ्या बाजूने उभा राहिला, आणि मी माझ्या बहिणीचं पाकीट उजेडाला धरू?

तू कुणाला बोलली नाहीस, असं तू म्हणालीस. मग नाही बोललीस. नुरिसजवळ ते जसं आलं तसं परत पाठवतोय. आईच्या अल्बमात ठेव. आत काय आहे ते तुला माहीत आहे, मी विचारणार नाही.

ओसिरिस